बँडस्टँडचं एकच डबकं, पौर्णिमा ते अष्टमी

या महिन्यात नवं डबकं शोधायचं नाही, असं ठरवलं. मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडला, समुद्रकाठच्या कातळाच्या वरच्या अंगाला, कालवांच्या पट्ट्याच्या जरा वर, ओहोटीतही समुद्राचं पाणी धरून ठेवणारा परातीएवढा खळगा आहे. तोच धरून बसलोय. उल्व्हा (पातळ पानासारखं हिरवं समुद्री शैवाल) भरपूर. पावसाळा सरला की आपल्याकडे त्याचा हंगाम लागतो, जानेवारीत तो ऐन भरात असतो.

वेळ तिथीवर ठरते. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास लागते. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा) ती दुपारी बाराच्या आसपास येते. भांगाची भरतीही तोकडी, त्यामुळे वरच्या डबक्याला ताजं पाणी मिळत नाही, ते नुसतं उन्हात तापत राहतं. आपल्यापैकी बरेच जण फक्त उधाणाला जातात (खालचा कातळ उघडा पडतो, मोह होणारच), पण डबक्याची खरी परीक्षा अष्टमीला असते.

पौर्णिमेच्या सकाळी पाण्याचं तापमान २४ अंश सेल्सिअस, क्षारता (खारेपणा) दर हजारी ३५, पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८.१. अष्टमीच्या दुपारी ३१, ३८ आणि ९.१. ऊन, काळा बेसाल्ट आणि बाष्पीभवन यांनी पहिले दोन आकडे चढवले. पीएच मात्र उल्व्हाने चढवला: प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड तो ओढून घेतो. पात्यांच्या कडांना ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटलेले, काही पाती त्यांच्यामुळे वर तरंगत होती. वहीत मी ‘सजीव’ आणि ‘निर्जीव’ असे दोन रकाने आखले होते. पीएच निर्जीवांत, पण तो चढवणारा पलीकडच्या रकान्यात. आता मध्ये बाण काढतो. कालवाच्या रिकाम्या शिंपल्यालाही बाण लागला, कारण त्याच्या आडोशाला खेकड्याचं पिल्लू राहतंय.

उल्व्हा दाट म्हणजे पाणी स्वच्छ, असं समजू नका. सांडपाण्यातला नायट्रोजन त्याला मानवतो. आणि खडकावरचा काळपट-निळसर बुळबुळीत थर हरित शैवाल नव्हे, तो बहुधा सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा) असतो.

घरी पात्याचा तुकडा फोल्डस्कोपखाली (घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिला. उभा काप जमला तर पेशींचे फक्त दोन थर दिसतात, मध्ये पोकळी नाही. काही पात्यांची कड पिवळट होऊन पुढे पांढरी पडलेली: तिथल्या पेशी रिकाम्या झाल्यात. पिवळट कडेचे तुकडे किंचित सुकवून समुद्राच्या पाण्यात, काचेच्या बशीत, खिडकीपाशी ठेवले. थोड्या वेळाने खिडकीकडच्या काठाला हिरवी धूसर रेघ जमली. उल्व्हाचे युग्मक (प्रजननपेशी) उजेडाकडे पोहतात, त्यांना दोन कशाभिका (पोहायला लागणाऱ्या चाबकासारख्या शेपट्या) असतात. चार कशाभिकांचे बीजाणू बहुधा उजेडापासून लांब जातात. कशाभिका मोजायला फोल्डस्कोप पुरला नाही, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाची सोय बघतोय.

पुढची खेप अष्टमीच्याच मध्यरात्रीच्या ओहोटीला: उजेड नसताना पीएच किती उतरतो ते मोजायचंय. सोबत कोणी येणार असेल तर बरं, त्या कातळावर रात्री एकट्याने जायचं नाही.