किल्ला आणि दवाखाना

आमच्या बेळगावच्या किल्ल्यात गेलात तर दारातच दुर्गादेवीचं देऊळ, आत १२०४ सालची जैनांची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, सफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम, सगळं चालत बघून होतं. विवेकानंद १८९२ ला बेळगावात राहून गेले आणि पुढच्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले, मला हे लहानपणापासून फार भारी वाटतं.

इथे भाषेवरनं, धर्मावरनं ताणाताणी झाली की शांतता समितीची मीटिंग लागते, ती हवीच, पण खरा संवाद मी बघितला तो दवाखान्यात. आई ॲडमिट होती, रमजान चालू होता, शेजारच्या बेडजवळ एक चाची असायच्या, मी औषधं आणायला गेलो की स्वतःचा रोजा असून आईला चमच्याने पेज भरवायच्या. आईने विचारलं, "पाणी पण चालत नाही तुम्हाला?"

"नाही हो. तुमच्या एकादशीला चालतं न्हवं?"

मग तासभर दोघी उपासावरच बोलत बसल्या, अर्धं मराठी अर्धं कन्नड. संध्याकाळी आईने सलाईन लावलेल्या हाताने खजूर काढून त्यांच्यापुढे धरला, आणि अजान होईपर्यंत तसाच धरून ठेवला.