वीस वेळा मेलेला वेताळ

फोंडा, रविवार

चित्रकथांतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आतापर्यंत वीस वेळा मेलेला आहे, आणि आज इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक पुन्हा वाचताना मला वाटले की त्याच्या दीर्घायुष्याचे कारण नेमके हेच असावे. १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यात बाप मारला जातो, एकटा वाचलेला मुलगा अनोळखी किनाऱ्याला लागतो, बांदार नावाचे बुटके लोक त्याचा जीव वाचवतात आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो की आपण आणि आपले वंशज चाचेगिरी, क्रौर्य व अन्याय यांच्याविरुद्ध लढत राहू. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना मात्र हा एकच अमर पुरुष आहे असे वाटत राहते. आपण वाचतो तो एकविसावा.

ही शपथ ज्याने रचली तो अमेरिकन लेखक ली फॉक यालाही आरंभी आपला नायक कोण हे पुरते ठाऊक नव्हते. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रांत ही चित्रमालिका सुरू झाली तेव्हा जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुणच मुखवट्यामागे आहे असे दाखवण्याचा त्याचा बेत होता. मात्र पहिली गोष्ट चालू असतानाच त्याने तो बेत सोडला आणि नायकाला जंगलात नेले. त्याचा पोशाख फॉकच्या मनात राखाडी होता, जांभळा रंग आला तो १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानांमुळे. बुबुळे नसलेले ते पांढरे डोळे त्याला ग्रीक पुतळ्यांवरून सुचले होते, आणि चित्रकार रे मूर याच्या गडद सावल्यांत ते खरोखर भीतिदायक दिसतात. सुपरमॅन यानंतर दोन वर्षांनी अवतरला, हे अंगाला चिकटलेल्या पोशाखाचे श्रेय वाटताना पुष्कळदा विसरले जाते.

भारतात १९६४ च्या मार्च महिन्यात इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले ते याच नायकाला घेऊन. संपादकांनी वेताळाच्या काल्पनिक देशाचे, बांगलाचे, डेंकाली केले आणि सिंग चाच्यांचे सिंगा, म्हणजे इथल्या कोणाचे मन दुखावू नये याची काळजी घेतली. गोव्यात त्याला वेगळीच जमीन मिळाली, असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्याकडे वेताळ हा गावाचा राखणदार देव. आमोण्याला त्याचे देऊळ आहे, लोलयेला त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे. रात्री गावाच्या सीमेवर फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. अशा मुलखातल्या मुलांना रात्री फिरणारा, दिसत नसला तरी जवळ असणारा रक्षक वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

तरीही एक गोष्ट मोठेपणी खुपू लागली. १९६१ साली परकी सत्ता गेलेल्या भूमीत आम्ही एका गोऱ्या माणसाची गोष्ट वाचत होतो, जो जंगलातल्या काळ्या लोकांमध्ये न्याय देतो आणि ज्याच्या शब्दापुढे त्यांचे टोळीप्रमुखही मान झुकवतात. पुढे फॉकने त्या देशाला लोकांनी निवडलेला कृष्णवर्णीय अध्यक्ष दिला, तेव्हा ही विसंगती थोडी सौम्य झाली, पण पुसली गेली नाही.

मला सर्वांत भावतात ती वेताळाच्या घरातली, कवटीच्या गुहेतली दप्तरे. प्रत्येक वेताळ आपल्या हकिकती तिथल्या जाडजूड ग्रंथांत लिहून ठेवतो आणि पुढचा त्या वाचतो. या एका कल्पनेने फॉकला चारशे वर्षांतली कोणतीही गोष्ट केव्हाही सांगण्याची मोकळीक मिळाली. तो १९९९ मध्ये मरेपर्यंत ही मालिका लिहीत होता, त्यामागे ही सोय निश्चित असणार. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले, तरी ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून वेताळाचे स्वतंत्र अंक निघत आले आहेत.

सध्याच्या वेताळाला जुळी मुले आहेत, किट आणि हेलोईज. संध्याकाळी पुतणीने विचारले की बाविसावा मुलगाच कशाला हवा. तिला सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली हिची गोष्ट सांगितली, जिने भावाच्या जागी तो पोशाख चढवून त्याचे काम चालवले होते. तिचे म्हणणे असे की मग ज्युलीलाही क्रमांक द्यायला हवा होता, आणि मला त्यावर उत्तर सुचले नाही.