तुम्ही विचारलंत म्हणून: सीआरपी नॉर्मल आला, आता गोळ्या बंद करू का?

गेल्या आठवड्यात लोकमान्य नगरमधून एका वडिलांचा फोन आला. त्यांची मुलगी 19 वर्षांची, दीड वर्षापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचं अस्तर सुजून संडासवाटे रक्त पडण्याचा आजार. "ताई, परवा तिचं रक्त तपासलं. सीआरपी 3 आलाय, शेजारी लिहिलंय पाचच्या आत नॉर्मल. म्हणजे आजार गेला ना? रोजच्या चार-चार गोळ्या गिळते पोर. बंद करू का?"

मी त्यांना उलट विचारलं, तिला रक्त पडत होतं तेव्हा सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं ते प्रथिन, किती होता? ते गप्प झाले. रिपोर्टांची पिशवी माळ्यावर आहे, बघून सांगतो म्हणाले.

इंदूरमधल्या आमच्या ओळखीपाळखीत कुणालाही पोटाचा हा आजार निघाला की माझा नंबर दिला जातो, आणि पहिल्या चार वाक्यांत हा प्रश्न येतोच. मी डॉक्टर नाही. 2011 पासून मला कोलायटिस आहे, आणि तेव्हापासूनचे सगळे आकडे एका लांबट वहीत आहेत. त्या वहीच्या भरवशावर बोलते.

सीआरपी आतड्यात तयार होतच नाही, तो यकृतात तयार होतो. शरीरात कुठेही दाह पेटला की तिथून इंटरल्युकिन-6 नावाचा निरोप रक्तातून यकृताकडे जातो आणि यकृत हे प्रथिन सोडायला लागतं. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते सापडलं, तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. म्हणजे आकडा वाढला तर कुठेतरी पेटलंय एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही. 2019 च्या पावसाळ्यात माझा सीआरपी 48 आला आणि माझे हातपाय गार पडले. घरात स्टेरॉइडच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्या मी काढूनसुद्धा ठेवल्या. डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं, "संडास कशी होतेय?" अगदी नीट होत होती. दाढेत पू झाला होता. त्या दिवशी मी स्वतःच्या मनाने स्टेरॉइड सुरू केलं असतं तर जंतुसंसर्गात शरीराची ताकदच काढून घेतली असती.

ही झाली खोटी घाबरगुंडी. खोटा दिलासा त्याहून वाईट, कारण तो आपल्याला हवासा असतो.

2016 ची गोष्ट. मार्चपासून मला पुन्हा थोडं थोडं रक्त पडायला लागलं. दिवसातून तीनदा, कधी चारदा जावं लागायचं, आणि जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला सगळं घर गेलं, मी घरात बाथरूमच्या आसपास. सीआरपी 3.2. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून ज्यांना दाखवलं त्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं की दाह नाही, टेन्शन घेऊ नका. जाऊबाई म्हणाल्या, "रिपोर्ट तर चांगला आहे गं, तूच मनावर घेतलंयस." त्या वाईट बोलल्या नाहीत, कागदावर जे दिसलं ते बोलल्या. पण नंतरचे दोन महिने मी कुणालाच काही सांगितलं नाही. रक्त पडतंय हे डोळ्यांना दिसत होतं, आणि तरी मला वाटायला लागलं की आपलंच डोकं फिरलंय. शेवटी दुर्बीण झाली. मोठ्या आतड्याचा खालचा वीतभर भाग लालभडक, हात लावला की रक्त येईल असा.

मग सीआरपी का वाढला नाही? क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या आजारात आतड्याची भिंत आरपार सुजते. कोलायटिसमध्ये सूज बहुतेक वेळा आतल्या अस्तरापुरती राहते, आणि ती गुदाशयाजवळच्या थोड्याशा भागात असली तर यकृतापर्यंत जाणारा निरोप फार क्षीण असतो. शिवाय काहींच्या जनुकांतच असं असतं की सीआरपी कमी बनतो. देवासला माझा भाचा आहे, त्याला क्रोन्स. तो "काही नाही, बरा आहे" म्हणत असतानाच त्याचा आकडा 40 वर गेलेला असतो. त्याच्या बाबतीत रक्तावर विश्वास ठेवावा, त्याच्या तोंडच्या शब्दांवर नाही. माझ्या बाबतीत नेमकं उलटं. म्हणून दुसऱ्याच्या नॉर्मलशी आपला आकडा ताडून पाहू नये, आपल्याच जुन्या आकड्यांशी पाहावा.

माझा आकडा कधीच वाढत नाही असंही नाही. 2011 मध्ये अख्खं मोठं आतडं पेटलं होतं आणि मला भरती केलं, तेव्हा सीआरपी 71 होता. दिवसातून दहा वेळा रक्ताची संडास, नाडी 104, हिमोग्लोबिन 9.1. सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि सोबत ताप, नाडी नव्वदीपुढे, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली किंवा ईएसआर (दाहाचीच आणखी एक रक्ततपासणी) तिशीपुढे यांतलं काहीही, की आजार गंभीर: हे माप ट्रूलव आणि विट्स यांनी 1955 मध्ये घालून दिलं आणि आजही वॉर्डात तेच वापरतात. शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त नेलं आणि डॉक्टर दुपारपर्यंत त्या एका आकड्याची वाट बघत राहिले. त्या दिवसाचं महत्त्व मला फार नंतर कळलं. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी 1996 मध्ये दाखवलं होतं की तिसऱ्या दिवशी आठाहून जास्त वेळा संडास होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा होत असून सीआरपी 45 च्या वर असेल, तर शंभरातल्या 85 रुग्णांचं आतडं त्याच भरतीत काढावं लागत होतं. माझा 22 आला. नवरा पलंगाच्या कडेला बसून रडला, आणि मला कळेना की 22 ला काय एवढं.

सीआरपीचा हा गुण खरा मोलाचा. पेटलेलं विझलं की साधारण 19 तासांत तो निम्मा होतो, म्हणून औषध लागू पडतंय का हे दोन-तीन दिवसांत सांगतो. ईएसआरचं तसं नाही. उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं, एवढीच ती तपासणी. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो वाढतो, वयानुसार वाढतो, गरोदरपणात वाढतो, आणि आजार शांत झाल्यावरही कित्येक दिवस वरच रेंगाळतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन त्याहून सावकाश बदलतं. ते खाली गेलं असेल तर आजार बरेच दिवस मुरलाय असं समजावं. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर गेल्या तरी माझे डॉक्टर कान टवकारतात.

फेरिटिनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बायका इथे फार फसतात. माझं 62 आलं होतं, रिपोर्टवर नॉर्मल. पण जिना चढताना धाप लागायची, केस मुठीने गळायचे. फेरिटिन म्हणजे साठवलेल्या लोहाचं माप, पण दाह असला की ते आपोआप फुगतं. म्हणून आजार शांत असताना 30 च्या खाली गेलं तर लोह कमी समजतात, आणि दाह चालू असेल तर शंभरापर्यंतचा आकडाही लोह कमी असल्याचा असू शकतो. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते, बघावं लागतं. माझं अवघं 9 टक्के होतं. शिरेतून लोह दिल्यावर महिन्याभरात मी माणसात आले.

आणखी एक चूक सांगते, वही ठेवणाऱ्यांसाठी. एकदा लॅब बदलली आणि सीआरपी 1.8 आला. मागचा 6 होता, मी खुशीत वहीत लिहिला. नव्या लॅबचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, जुन्या लॅबचा प्रति लिटरमध्ये. म्हणजे खरा आकडा 18. तीन आठवडे मी आनंदात होते. आता आकड्याशेजारी एकक लिहिते आणि शक्यतो लॅब बदलत नाही.

दर तीन महिन्यांचं सगळंच रक्त काही आजार बघायला नसतं. मी ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेते, त्याने पांढऱ्या पेशी घसरू शकतात. एनयूडीटी15 या जनुकातला एक बदल आपल्याकडच्या लोकांत आढळतो आणि तो असला तर त्या फार वेगाने घसरतात. त्यामुळे "बरी आहेस तर रक्त कशाला देतेस" याला माझ्याकडे उत्तर आहे: बरी राहावी म्हणून.

रक्त गप्प बसतं तेव्हा बोलते ती संडासची तपासणी, कॅलप्रोटेक्टिन. पांढऱ्या पेशी आतड्यात उतरल्या की हे प्रथिन मागे टाकतात, त्यामुळे ही बातमी थेट आतड्यातून येते. 50 च्या आत छान, अडीचशेच्या वर बहुधा दाह, मधलं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा. 2023 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात की कोलायटिस शांत आहे, त्रास काही नाही आणि आकडा 150 च्या आत आहे, तर नुसतं खात्री करायला दुर्बीण घालायची गरज नाही. पोटाच्या संसर्गाने किंवा आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही हा आकडा वाढतो, तेवढं डॉक्टरांना आधी सांगावं. रक्तापेक्षा ती महाग आहे, आणि डबी घेऊन गीता भवनच्या लॅबपर्यंत जायची मुलींना लाज वाटते. मलाही वाटायची. 2016 मध्ये ती डबी मी मार्चमध्येच दिली असती तर जूनपर्यंत रक्त गेलं नसतं.

आणि गोळ्यांचं म्हणाल, तर सगळे आकडे उत्तम आले तरी ते गोळ्या चालू असतानाचे आकडे आहेत. बंद करायच्या की कमी करायच्या, हे तिच्या डॉक्टरांसमोर बसून, सगळे कागद मांडून ठरवायचं.

काल त्या वडिलांचा परत फोन आला. पिशवीत दीड वर्षापूर्वीचा रिपोर्ट सापडला. मुलीला दिवसातून पाच वेळा रक्त पडत होतं, त्या आठवड्यातला. सीआरपी 4.1. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे आत्ताच्या तीनला काही अर्थच नाही." मी म्हटलं, एकट्या तीनला नाही.

आज सकाळी मुलीने डबी दिली. रिपोर्ट शुक्रवारी येईल. गोळ्या चालू आहेत.