राईट क्लिक केलं, पण 'न्यू' कुठंय?

अमळनेरला आमच्या आतेभावाचं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. त्याच्या जुन्या पीसीवर विंडोज रडतखडत चालायचं म्हणून उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली लिनक्स सिस्टीम) टाकून दिलं, तर दुसऱ्याच दिवशी फोन, "भाऊ, आठे ते न्यू दिसतच नही ना!" विंडोजमध्ये राईट क्लिक, न्यू, टेक्स्ट डॉक्युमेंट, एवढी सवय हाताला लागलेली असते. नेटवर बघावं तर जो तो सांगतो टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघड अन् टच ही कोरी फाईल बनवायची कमांड लिही, अरे पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना हा कुठे ती काळी खिडकी उघडत बसेल!

तर भानगड अशी की उबुंटूत तो मेनू असतो, फक्त होम फोल्डरमधलं टेम्प्लेट्स नावाचं फोल्डर रिकामं असलं की तो दिसतच नाही. टेक्स्ट एडिटर उघडायचा, काही न लिहिता कोरी फाईल त्या फोल्डरमध्ये सेव्ह करायची, झालं. आता कुठल्याही फोल्डरात मोकळ्या जागी राईट क्लिक केलं की न्यू डॉक्युमेंट येतं, त्यात आपली फाईल, क्लिक केलं की तिची कॉपी तिथे पडते, मूळ जागची हलत नाही.

अन् खरी मजा पुढे आहे, ती फाईल कोरीच पाहिजे असं कुठेय? मी त्याला लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखंच फुकट सॉफ्टवेअर) अर्ज बनवून तिथे टाकून दिला, वर 'मा. तहसीलदार सो., अमळनेर', खाली 'विषय :', मग 'अर्जदार', बाकी मोकळं. आता गिऱ्हाईक आलं की क्लिक करतो अन् नाव टाईप करतो. विंडोजपेक्षा हे मला तरी जास्त आवडलं.

लिनक्स मिंट या उबुंटूच्या भावंडात कोऱ्या फाईलचा ऑप्शन आधीपासूनच असतो, केडीई हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनाही हा त्रास नाही.

विंडोजवाल्यांनी एक बघा, एक्स्टेंशन (फाईलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट, त्यावरून प्रकार कळतो) लपवलेलं असलं तर नव्या टेक्स्ट फाईलला 'यादी.सीएसव्ही' नाव दिलं तरी ती आतून 'यादी.सीएसव्ही.टीएक्सटी'च राहते, विंडोज ११ मध्ये व्ह्यू, शो, फाईल नेम एक्स्टेंशन्स चालू करा मगच नाव बदला.

सगळ्यात कंजूस मॅक, एवढा महागाचा पण फाइंडरमध्ये (मॅकची फाईल-फोल्डरची खिडकी) राईट क्लिकला नवीन फोल्डर मिळतं, फाईल नाही. तिथे टेक्स्टएडिट उघडून फॉरमॅटमधून मेक प्लेन टेक्स्ट करून सेव्ह करा, अन् त्या फाईलच्या गेट इन्फोत स्टेशनरी पॅडवर टिक मारली की डबल क्लिकला दरवेळी कॉपीच उघडते.