शाळेची इमारत आणि मोजणीत अडकलेली फाईल

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या गावी मराठी शाळेची नवी इमारत बांधायचे संस्थेने ठरवले, तेव्हा ओळखीचे एक ठेकेदार नकाशा विनामूल्य काढून द्यायला तयार होते. तरीही कार्यकारिणीने रीतसर फी देऊन बांधकामात हितसंबंध नसलेल्या आर्किटेक्टचा सल्ला घेतला. शाळेचा पैसा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून येतो, त्यामुळे खर्च वाढल्यावर ज्याचा फायदा होतो त्याच्याकडूनच आराखडा घेणे मला आजही अयोग्य वाटते.

आर्किटेक्टनी पहिल्याच भेटीत जागेचा उतारा मागितला. जागा गावातील एका कुटुंबाने पूर्वी तोंडी दिलेली होती आणि उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव होते. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदवावेच लागते आणि कर्नाटकात सर्व्हे नंबरातील काही भागच द्यायचा असेल, तर त्याआधी मोजणी खात्याचा ‘११ई’ नकाशा लागतो. त्या घरातील काका सह्या करताना म्हणाले, “जमीन आम्ही केव्हाच दिली आहे, आता तुमचे कागद तेवढे लवकर करा.”

ते लवकर झाले नाही. अर्ज, शेजाऱ्यांना नोटीस आणि मोजणी सुरळीत पार पडली. मोजणीदारांनी बांधावरच्या झुडपात बुजलेला हद्दीचा दगड शोधून काढला, तेव्हा आता काम झालेच असे आम्हाला वाटले. पुढे फाईल तालुक्याच्या कचेरीत अडकली, कारण आकारबंदातील (मोजणी खात्याच्या क्षेत्र व आकारणीच्या नोंदवहीतील) क्षेत्र आणि उताऱ्यावरील क्षेत्र जुळत नव्हते. फरक काही गुंठ्यांचा आणि तोही ओढ्याकडच्या पोटखराब्यातला, म्हणजे लागवडीस निरुपयोगी भागातला होता. शाळेच्या तुकड्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मोजणीच्या टेबलावर सांगत की आधी उतारा दुरुस्त करून आणा, तर महसुलाच्या टेबलावर सांगत की मोजणीचा अहवाल आल्याशिवाय उताऱ्याला हात लावता येणार नाही. मधल्या काळात सिमेंट-सळईचे भाव वाढत होते आणि मुले गळक्या कौलांखाली बसत होती. नेमके काय कमी आहे ते एका कागदावर लिहून द्यायला कोणीही तयार नव्हते, याचा राग मला अजूनही आहे.

आर्किटेक्टच्या सांगण्यावरून आम्ही एका निवृत्त मोजणीदारांना गाठले. त्यांनी टिप्पण (जुन्या मोजणीतील मापांची नोंद), आकारबंद, उतारा आणि प्रत्यक्ष मोजणी यांतील आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी मांडून दिले. ते पान जोडून आम्ही तहसीलदारांच्या नावे कन्नडमध्ये अर्ज केला आणि त्याची पोच घेतली. त्यानंतर दोन्ही टेबलांना लेखी उत्तर देणे भाग पडले, क्षेत्र दुरुस्त झाले, नकाशा मिळाला आणि बक्षीसपत्र नोंदले गेले. संस्थेचे नाव असलेला उतारा हाती आला, तेव्हा मला विलक्षण हायसे वाटले. बिनशेतीचे काम त्या मानाने सहज झाले.

जागेची माती तपासून घ्यावी, हाही सल्ला आर्किटेक्टचाच होता. आमच्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम निघाला. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरुमापर्यंत नेला. ठेकेदारांच्या नकाशात मातीचा विचारच नव्हता. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि अडथळाविरहित प्रवेश यांचा समावेश आहे, त्यामुळे १:१२ उताराचा (बारा फुटांना एक फूट चढ असलेला) रॅम्प आराखड्यात सुरुवातीपासूनच धरावा. मागाहून त्याला जागा उरत नाही.

सल्लागाराची फी शक्यतो ठरावीक रकमेत बोलावी, कारण टक्केवारीत ती खर्चाबरोबर वाढत जाते. आर्किटेक्ट्स कायदा, १९७२ खालील त्यांची नोंदणीही पाहून घ्यावी. आणखी एक गोष्ट मोजणीबाबत सांगायची राहिली. शेजारी ऊस उभा असेल तर हद्द नीट धरता येत नाही, म्हणून तोडणीनंतरची आणि पावसाआधीची तारीख अर्ज करतानाच मागून घ्यावी.