तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी आपोआप लागते, मग रिव्हर्स कशाला शिकायचा?

जुळे सोलापुरात गेली एकोणीस वर्षं मी गाडी शिकवते. पूर्वी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "मॅडम, किती दिवसांत हात बसेल?" अलीकडे दुसराच प्रश्न यायला लागलाय. मागच्या महिन्यात होटगी रोडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. गाडी बुक झालेली, दसऱ्याला घरी यायची. म्हणाले, "आमच्या गाडीत ऑटो पार्किंग आहे. बटण दाबलं की गाडी आपली आपण लागते. तेव्हा तुमचे ते शेवटचे पाच दिवस, रिव्हर्सचे आणि पार्किंगचे, तेवढे वगळा. तिची परीक्षा तोंडावर आहे."

पाच दिवस वगळणार नाही, एवढंच मी त्यांना तेव्हा सांगितलं. बाहेर पुढच्या बॅचची मुलं उन्हात खोळंबली होती. पण हाच प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि तो आळशीपणाचा प्रश्न नाही. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीने काय करावं आणि आपण काय करावं, हे माणसाला कळायला हवं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोंधळ दूर करू. गाडी बुक केलेल्या दहा जणांना मी "ऑटो पार्किंग म्हणजे नक्की काय आहे तुमच्या गाडीत?" असं विचारलं, तर निम्मे जण कॅमेऱ्याचं वर्णन करतात. मागच्या बंपरमधले टीं-टीं करणारे सेन्सर तर १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला सक्तीचे आहेत, अगदी साध्यातल्या साध्या मॉडेललासुद्धा. कॅमेरा त्यापुढचा. चार कॅमेऱ्यांची चित्रं जोडून गाडी वरून पाहिल्यासारखी दाखवणारा ३६० अंशांचा कॅमेरा त्याच्याही पुढचा. पण हे सगळे नुसते दाखवतात आणि ओरडतात, स्टेअरिंग तुमच्याच हातात असतं. जी गाडी स्वतः स्टेअरिंग फिरवते ती वेगळी. आपल्याकडे एमजी ग्लॉस्टरमध्ये ही सोय २०२० मध्ये आली. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई आणि बीई ६ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये तर खाली उतरून, बाहेर उभं राहून गाडी लावता येते. शोरूममध्ये "पार्किंग असिस्ट आहे" असं सांगितलं, तर थांबून विचारा: स्टेअरिंग कोण फिरवणार? ब्रेक कोण दाबणार? काही गाड्या फक्त स्टेअरिंग सांभाळतात. गिअर, ॲक्सिलरेटर, ब्रेक तुमच्याकडेच. काही सगळंच करतात. हा फरक न कळता गाडी घरी आणलेली माणसं मी पाहिलीत.

आता ती हे करते कसं? बटण दाबायचं आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाजूने हळूहळू पुढे जायचं. बंपरच्या बाजूंचे सेन्सर आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. भिंत मीटरभर लांब असेल तर आवाज जाऊन यायला, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले साधारण सहा लागतात. आपल्या सोलापूरच्या माणसाला यातली एक गोष्ट आवडावी. आवाज उन्हाळ्यात जास्त वेगाने पळतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर आपल्या मे महिन्यातल्या ४२ अंशांना साधारण ३५७. म्हणून बाहेरचं तापमानही हिशेबात धरावं लागतं. दुसरीकडे चाकं किती फिरली त्यावरून दोन गाड्यांमधली फट किती लांब आहे ते मोजलं जातं. आपली गाडी अधिक थोडी मोकळीक एवढी फट सापडली की पडद्यावर खूण उमटते. तुम्ही थांबता, होकार देता, आणि पॉवर स्टेअरिंगची मोटर चाक फिरवायला लागते. गाडी आधी डावीकडे वळत मागे जाते, मग उजवीकडे वळत सरळ होते. कागदावर काढलं तर लांबट एस. मी मुलांना "मागची गाडी डाव्या आरशात पूर्ण दिसली की सरळ कर, आता फुल राइट मार" असं ओरडून जे शिकवते, तेच हे.

ही कल्पनाही कालची नाही. अमेरिकेत ब्रूक्स वॉकर नावाच्या माणसाने गाडीच्या मागे आडवं पाचवं चाक बसवून ती कडेकडेने फटीत सरकवून दाखवली होती, तेही १९५० च्या दशकात. विक्रीच्या गाडीत स्वतः फिरणारं स्टेअरिंग टोयोटाने २००३ मध्ये जपानमध्ये प्रियसला दिलं.

मी या तंत्राच्या विरोधात आहे असा काहींचा समज झालाय. तसं अजिबात नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका शिकायला आल्या होत्या. मानेच्या मणक्याचा त्रास, मान वळवून मागे बघणं जमतच नसे. कमरेतून वळायच्या, वेदनेने ओठ दाबायच्या, पण क्लास बुडवायच्या नाहीत. त्यांच्या मुलाने आपोआप लागणारी गाडी घेतली. पहिल्यांदा ती मॉलच्या तळघरात लावली तेव्हा मी शेजारच्या सीटवर होते. स्टेअरिंग आपलं आपण गरागरा फिरत होतं आणि बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, पदराचं टोक धरून. गाडी दोन खांबांच्या मधोमध येऊन थांबली. बाई काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. त्यांना रिव्हर्सच्या भीतीने घरी बसावं लागलं असतं, ते टळलं. ही सोय अशा माणसांसाठी मोठीच आहे, आणि ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर घ्यावी.

पण त्याच बाईंना घेऊन मी दुसऱ्या दिवशी विजापूर रोडकडच्या मोकळ्या मैदानात गेले. यंत्राला काय कळतं आणि काय नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं असं मला वाटत होतं. पाय ब्रेकवर ठेवायला सांगितला. मागे पुठ्ठ्याचं मोठं खोकं ठेवलं. लांबूनच टीं-टीं सुरू झाली. मग खोकं काढून दोन बांबूंना दोरी बांधली. नुसती दोरी, तर आवाजच नाही. दोरीवर आपली जाड सोलापुरी चादर दुमडून टाकली, तर खोक्याला जिथून आवाज सुरू झाला होता तिथे सगळं शांत. गाडी आणखी बरीच मागे गेल्यावर मग ती बोलली. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, परत फेकत नाही. शेवटी एक वीट आडवी ठेवली. लांब होती तोवर सेन्सरला कळली, आणि अगदी जवळ आल्यावर आवाज थांबला, कारण वीट सेन्सरच्या नजरेखाली गेली. खड्ड्याचं तर सांगायलाच नको. आवाज आपटायला तिथे काही नसतंच. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकात यातलं बहुतेक सगळं लिहिलेलं असतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यातून कुणी बाहेर काढत नाही.

आता हे घेऊन आपल्या गावात या. जागोजागी मांडवाच्या दोऱ्या. झाकण नसलेली गटारं. विणकरांच्या पूर्व भागात दारादारात कपडे आणि सूत वाळत घातलेलं. दोन मोटारींच्या मध्ये रीतसर फट मिळणं दूरच. एक रिक्षा, तिरक्या उभ्या तीन मोटारसायकली, मग कडुलिंबाचं झाड, अशी आपली रांग. रेघा मारलेल्या नाहीत. नवी पेठेत संध्याकाळी गाडी मापं घेत रिव्हर्स यायला लागली की मागून स्कूटरवाला घुसतोच, गाडी थांबते, तो जातो, पुन्हा सुरू होते, पुन्हा कुणीतरी घुसतं. मागे हॉर्नचा गलका. अशा वेळी यंत्र सोडून देऊन स्वतः दोन कटमध्ये गाडी आत घ्यावी लागते, आणि हे ज्याला येत नाही तो रस्त्यात आडवा अडकतो. वर गाडीचं तोंड उजवीकडे रस्त्यात बाहेर झुलतं ते वेगळंच. रिव्हर्सला सगळ्यांचं लक्ष मागे, आणि ठोकर लागते पुढच्या उजव्या कोपऱ्याला. पाच दिवसांतला एक अख्खा दिवस मी फक्त त्या कोपऱ्यावर घालवते.

तरीही, उद्या सेन्सर सुधारतील, कॅमेरे सुधारतील. चादर कळेल, वीट कळेल, खड्डाही कळेल. जर्मनीत स्टुटगार्टच्या विमानतळावर बॉश आणि मर्सिडीजने केलेल्या व्यवस्थेत माणूस दाराशी उतरून निघून जातो आणि रिकामी गाडी पार्किंगच्या इमारतीत स्वतःची जागा गाठते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला सरकारी परवानगी मिळाली. पण तिथे इमारतीतच सेन्सर बसवलेत, आणि कुठली जागा गाडीची, कुठली माणसाची, हे आधीच ठरलेलं आहे. आपल्या पेठांमध्ये ते रोज, तासातासाला नव्याने ठरतं. माझी खरी काळजी ही आहे. यंत्र फट मोजतं. ती फट कुणाची आहे हे त्याने मोजायचं कसं?

संक्रांतीचे दिवस घ्या. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांच्या वाटेने. त्या मार्गावर रस्ता रिकामा दिसतो तो रिकामा ठेवलेला असतो म्हणून. ध्वज कमरेला पेलून चालणाऱ्या माणसाला वाटेत उभी मोटार म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. गाडीच्या पडद्यावर मात्र तिथे छान हिरवी खूण उमटेल.

किंवा साखर पेठेतली ती गल्ली. शिकवताना मी तिथे मुद्दाम नेते. एका बैठ्या घरापुढे सहा-साडेसहा मीटर मोकळं दिसतं, शिकणारा प्रत्येक जण तिथे गाडी घालायला बघतो. दुपारी तिथे कुणी नसतं. सकाळी दारात एक अम्मा बसते. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दाबायचं. बोटं इतकी भरभर चालतात की बघत राहावं. आत माग चालू असतो, खोलीत उजेड नाही, म्हणून ती दारात. तिच्यापुढे मोटार उभी केली की उजेड गेला, वारा गेला, अंगावर बोनेटची धग आली. ती भांडत नाही. सूप उचलते आणि आत सरकते, आणि अंधारात हात मंदावतात. विडी हजारावर मोजतात आणि हजारावर पैसे मिळतात.

पाच दिवसांत मी काय शिकवते असं कुणी विचारलं तर हे सगळं सांगते. आरसे, कट, पुढचा कोपरा हे तर आहेच. पण पहिला नियम असा: गाडी लावायच्या आधी काच खाली कर, दाराकडे बघ, उंबऱ्याकडे बघ, लागलं तर खाली उतर. गटार आहे का बघ. कुणाची हातगाडी रोज इथे लागते का, शेजाऱ्याला विचार. विचारायला लाजू नकोस. मग बटण दाब किंवा स्वतः घे, माझी काही हरकत नाही.

होटगी रोडच्या त्या मुलीने शेवटी पाचही दिवस केले. वडिलांनी परीक्षेनंतरच्या तारखा घेतल्या. गाडी आल्यावर ती मला दाखवायला घेऊन आली आणि आम्ही दोघी पूर्व भागात एक चक्कर मारली. साखर पेठेत तिने हौसेने बटण दाबलं. गाडी हळूहळू पुढे सरकली, पडद्यावर खूण आली: जागा सापडली. तेच घर होतं. दार उघडं, उंबऱ्यावर कुणी नाही, फक्त भिंतीला टेकवलेलं सूप. मी काही बोलले नाही. तिने काच खाली केली, सुपाकडे बघितलं, पडद्यावरचं रद्दचं चिन्ह दाबलं आणि गाडी पुढे घेतली. बरंच पुढे, एका बंद दुकानाच्या शटरपाशी जाऊन तिने विचारलं, "इथे लावू का, की याचा मालक संध्याकाळी येतो?"

आम्ही उतरून शेजारच्या पानवाल्याला विचारलं. दुकान संध्याकाळी उघडत होतं, तोवर आमच्याकडे तासभर होता.