टर्बोची शिट्टी: कोणती ऐकायची, कोणती तपासायची

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या पुढे दाबलं की टर्बोची बारीक शिट्टी सुरू होते. टर्बोच्या आत इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, म्हणजे कॉम्प्रेसर, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतो. सुंदर आवाज!

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरचा ‘फुस्स’ मात्र बहुतेक टर्बो-पेट्रोल गाड्यांत दबलेला असतो, कारण बायपास व्हॉल्व्ह उरलेली दाबाची हवा परत इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) सोडतो. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) पेट्रोल गाडीत त्याजागी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवू नका. मोजलेली हवा निसटते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र तिच्या हिशोबानेच पेट्रोल टाकतो आणि गाडी गचके खाते.

शिट्टी अचानक सायरनसारखी झाली, पिकअपही पडला? आधी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजचे क्लॅम्प बघा. मग टर्बोच्या शाफ्टचा प्ले, म्हणजे दांडा ढिला होऊन हलतोय का ते.